सव्विसावं नाव

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. काम पद्धतशीर करायचं तर नोंद हवी. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे शुद्धलेखन तपासणार नाही.

हेरन्सचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (मागे बसून झेलणारे) आज कॅम्पात दाखल झाले. हेरन्स म्हणजे बगळे. व्यावसायिक बेसबॉल टीमला बगळ्यांचं नाव कोणी दिलं कोण जाणे. अमेरिकेत आल्यावर पहिली सात वर्षं आम्ही मिडवेस्टात त्यांच्याच गावात होतो. मग ॲरिझोनात चँडलरला आलो, तर कळलं की सीझनच्या आधी महिनाभर सरावाला बगळेही इथेच येतात, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. यामिनी म्हणायची, बघ, आपल्यामागे आले.

घरातली पद्धत अशी. कॅम्पात साठ-पासष्ट खेळाडू येतात, शेवटी टीममध्ये सव्वीस राहतात. ते सव्वीस कोण, याची यामिनी आणि नेत्रा या मायलेकी दर वर्षी आपापली यादी करायच्या. पाकिटात बंद. सीझनच्या पहिल्या दिवशी फोनवर पाकिटं फोडायच्या. जिची जास्त नावं चुकली तिनं सव्वीस पुरणपोळ्या करायच्या. अकरा वर्षं यामिनीच हरली. निम्म्या पोळ्या कुरियरनं मिशिगनला, ॲन आर्बरमध्ये नेत्राकडे जायच्या, निम्म्या माझ्याकडे राहायच्या. माझा सहभाग एवढाच.

यामिनी सप्टेंबरमध्ये गेली. म्हणजे एक जागा रिकामी आहे. चांगल्या सिस्टिममध्ये रिकाम्या जागी पुढचा माणूस उभा राहतो. पुढचा माणूस मी.

मी एकतीस वर्षं चिप कारखान्यात रिलायबिलिटीचं काम केलं. काय बिघडेल आणि बिघडलं तर त्याच्या जागी काय, हाच माझा विषय. गेल्या ऑगस्टमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली (स्वेच्छा कंपनीची). वेळ आहे. यंदा सव्वीसपैकी सव्वीस.

यामिनीचा फोन चार्जरला लावला. तिच्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, म्हणून चालू ठेवलाय. दुसरं कारण नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

नेत्राला फोन करून योजना सांगितली. ती म्हणाली, बाबा, आय कान्ट. नॉट धिस इयर. या वर्षी नको ना.

डाव ओळखला. प्रतिस्पर्ध्याला गाफील ठेवायचं. आईकडूनच शिकली असणार. मी म्हटलं, बरं बरं, बघू. तिची यादी तयार होत असणार यात मला शंका नाही.

शेवटी तिनं विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, हो. आमटी केली होती. (आमटीबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.)

१८ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३

एक्सेल तयार. चौऱ्याऐंशी ओळी. कारण काही खेळाडू दोन जागांवर खेळतात.

डेप्थ म्हणजे काय ते आज नीट समजलं. पहिले नऊ कोण हे कोणीही सांगेल, ते भिंतीवरच्या पोस्टरवर असतात. टीम किती खोल आहे ते त्यांच्या मागे कोण उभं आहे यावरून कळतं. मी प्रत्येक नावापुढे एक कॉलम केला: हा पडला तर कोण? आणि त्यापुढे आणखी एक: तोही पडला तर?

शॉर्टस्टॉप म्हणजे उभं राहायची जागा, थांबायचा नियम नव्हे, हे समजायला पाऊण तास गेला. हा वेळ धरलेला नव्हता. बाकी प्रगती उत्तम.

संजयला शीट दाखवली. संजय माझा कारखान्यातला जुना सहकारी, मूळ नागपूरचा, यामिनीच्याच कॉलेजचा. त्याची बायको दीपा दर गुरुवारी डबा पाठवते. त्यानं शीटकडे एक मिनिट पाहिलं आणि म्हणाला, रवी, यार, तू ठीक आहेस ना? मी म्हटलं, शीटबद्दल बोल. तो म्हणाला, चल, मॅचला मी येतो तुझ्याबरोबर. मी म्हटलं, दुसरं तिकीट नेत्राचं आहे. ती दर मार्चमध्ये येते.

संजयला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज ऐतिहासिक डेटा. म्हणजे यामिनीच्या वह्या. अकरा वर्षांच्या अकरा. कॉलेजात ती क्रिकेटची स्कोअरर होती, तीच सवय इथे लावली. सामन्याला लॉनवर बसून दर चेंडू लिहायची. खुणा तिच्या स्वतःच्या. मधेमधे शेरे. ‘याला ऊन लागलंय.’ ‘अंपायर झोपलाय.’ ‘लॉरेननं लिंबाचा केक आणला.’

दर वर्षीची सव्वीस जणांची यादीही शेवटच्या पानावर सापडली. आणि हरण्याचं कारण पाच मिनिटांत कळलं. दर यादीत सव्विसावं नाव एकच. टोबी मरॅस्को. तिसरा कॅचर. आता वय अडतीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, बॅटिंग दुःखद. दर वर्षी मार्चमध्ये टीम त्याला खालच्या लीगमध्ये पाठवते आणि मे महिन्यात कोणीतरी जखमी झालं की परत बोलावते. म्हणजे मार्चच्या यादीत तो असणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तरी अकरा वर्षं तिनं त्याचं नाव लिहिलं. एका ठिकाणी शेरा: ‘असा एक लागतो.’

हा निकष नव्हे. मरॅस्को कट. शीटमध्ये लाल केला.

आणखी एक गोष्ट दिसली. दर वर्षी पहिल्या सामन्याच्या पानावर कोपऱ्यात लिहिलंय, ‘रवी: मीटिंग.’ अकरा पानं, अकरा वेळा. एका वर्षी फक्त ‘रवी: मी.’ एवढंच, पुढचं लिहायचा कंटाळा आला असावा. मार्चमध्ये क्वार्टर संपायचा, त्याला मी काय करणार. शिवाय एकदा मी निघालो होतो. फ्रीवेच्या रँपवरून परत आलो, फोन आला म्हणून.

विश्लेषणाशी याचा संबंध नाही. वह्या जागेवर ठेवल्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नेत्रा येत नाही. तिकीट कॅन्सल केलं म्हणाली. लॅबमध्ये काम आहे. मी म्हटलं, दोन दिवस ये. ती म्हणाली, बाबा, मला त्या लॉनवर बसता येणार नाही.

मी म्हटलं, मग खुर्चीचं तिकीट काढू. ती म्हणाली, तसं नाही बाबा.

बहुतेक ऊन. मिशिगनमध्ये राहून सवय गेली असेल. तिची खोली तयार आहे, चादर बदलली आहे, ती राहू दे. ऐन वेळी विचार बदलू शकतो.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

पहिली प्रत्यक्ष पाहणी. एकटाच गेलो. यामिनीची निळी चटई, टोपी, शीटचं प्रिंटआउट. लॉन म्हणजे मैदानाच्या टोकाला गवताचा उतार, लोक चटया टाकून बसतात. कुठे बसावं विचार करत होतो, तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई हात हलवायला लागली. तिनं चटई ओळखली होती. माणूस नाही, चटई.

ती लॉरेन. केकवाली. शाळेची बस चालवायची, आता रिटायर्ड, नवरा नाही. तिनं आपल्या शेजारची जागा टॉवेल टाकून धरून ठेवली होती. म्हणाली, सो यू आर रवी, तू खरंच आहेस म्हणजे! आणि मग विचारलं, यामिनी कुठे?

तिला माहीत नव्हतं. नेत्रानं कळवलं असेल असं मला वाटलं होतं, मी कळवलं असेल असं बहुधा नेत्राला.

मी सांगणार होतो. वाक्य तयार होतं, गेल्या सहा महिन्यांत पुष्कळदा म्हटलेलं आहे. तोंडातून आलं, शी इज इन इंडिया.

तांत्रिकदृष्ट्या हे अगदीच चूक नाही. नोव्हेंबरमध्ये तिच्या भावानं रामटेकला अस्थिविसर्जन केलं.

लॉरेन म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, थोडं लांबेल. हा गुडघा कुठून आला माहीत नाही, मरॅस्कोचा असावा. पुढच्या वेळी गेलो की लगेच सांगून टाकायचं.

पाहणी: लेफ्ट फील्डला डेप्थ कमी आहे.

४ मार्च, बुधवार

पुन्हा गेलो. लेफ्ट फील्डची खात्री करायला हवी होती.

सांगायचं राहिलं. संधी मिळाली नाही. लॉरेन सारखी बोलत होती. यामिनी अशी, यामिनी तशी. यामिनीला हा नवा पिचर अजिबात आवडणार नाही. यामिनी आली की तिला सांग, पलीकडचा आइसक्रीमवाला बदलला. मला माहीत नसलेल्या पुष्कळ गोष्टी. यामिनी अंपायरवर मराठीत ओरडायची. एकदा लॉरेनच्या नवऱ्याच्या आठवणीत दोघी पाच इनिंग, म्हणजे दीडेक तास, रडत होत्या आणि तरी यामिनीनं एक चेंडू लिहायचा सोडला नाही.

तीन तास सगळी वाक्यं वर्तमानकाळात. ऐकायला बरं वाटतं. मला इंग्रजीचे काळ नेहमी अवघड गेले, पण हा नाही.

मधेच लॉरेननं विचारलं, आत्ता तिकडे किती वाजले असतील? दुपारचा दीड, म्हणजे नागपूरला रात्रीचे दोन. मी म्हटलं, झोपली असेल. आणि खरंच, क्षणभर वाटलं, आवाज न करता बसावं.

८ मार्च, रविवार

सकाळी नेत्राला फोन. ती रविवारीही लॅबमध्ये. मी वेळ चुकलो. मिशिगनची घड्याळं आज तासभर पुढे गेली, ॲरिझोनाची जात नाहीत. कालपर्यंत दोन तासांचं अंतर होतं, आज तीन. मी म्हटलं, बघ, मी जिथल्या तिथेच आहे, तूच लांब गेलीस. हा विनोद होता. ती हसली नाही.

दुपारी पाहणी क्रमांक तीन. लॉरेनला बहिणीच्या गुडघ्याची प्रगती सांगितली. फिजिओ चालू आहे. जिना चढता येतो. मला वाटतं, बहिणीवरचं माझं काम चांगलं चाललंय. यामिनीला बहीण नाही, पण असती तर अशीच हट्टी असती.

लॉरेननं यामिनीसाठी केकचा तुकडा दिला, फ्रीझरमध्ये ठेव म्हणाली, ती येईपर्यंत टिकेल. ठेवला.

शीटकडे दोन दिवस पाहिलेलं नाही. सोमवारपासून जोरात.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ४.०५

यामिनीचा फोन वाजला. बँकेचा नव्हे. लॉरेनचा मेसेज. हाय हनी, रवी म्हणतो बहीण बरी आहे. लॉन तुझ्याविना सुनं आहे. टोबीनं आज डबल मारला, गुडघ्यांसकट!

उत्तर द्यायला हवं. नाहीतर लॉरेनला वाटेल, यामिनीला तिची किंमत नाही. तसं वाटणं यामिनीला चाललं नसतं. हा तिच्याच नावाचा प्रश्न आहे.

यामिनी मेसेज कसा लिहायची ते जुने मेसेज पाहून अभ्यासलं. पूर्णविराम नाही. उद्गारचिन्हं तीन. शेवटी एक पांढरा पक्षी.

४.१०. लिहिलं: सो हॉट हिअर!!! गिव्ह टोबी माय लव्ह!!! बॅक सून!!! आणि पक्षी. पाठवलं. हुबेहूब. मलाच क्षणभर बरं वाटलं.

४.१३. नेत्राचा फोन येतोय. आपणहून! जानेवारीनंतर पहिल्यांदा. घेतो.

१४ मार्च, शनिवार

काल लिहिलं नाही.

परवा फोन घेतला तेव्हा पलीकडे आवाज नव्हता. मी हॅलो हॅलो करत राहिलो, मला वाटलं नेटवर्क. मग नेत्रा म्हणाली, बाबा, आईचा मेसेज आलाय.

तो मेसेज एकट्या लॉरेनचा नव्हता. तो ग्रुप होता. लॉन लेडीज. लॉरेन, यामिनी, नेत्रा. मी फक्त लॉरेनचं नाव पाहिलं.

ती बसमध्ये होती. लॅबमधून घरी चालली होती. फोनवर वर आलं, आई. खाली, बॅक सून, आणि तो पक्षी. ती भलत्याच स्टॉपला उतरली आणि बर्फात उभी राहून मला फोन केला.

ग्रुपचं नाव फार बारीक अक्षरात दिसतं, हे मी तिला समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, प्लीज, बाबा, एक्सप्लेन नको करू. मग रडली. मी तिला सप्टेंबरमध्येही असं रडताना ऐकलं नव्हतं. तेव्हा मी कागदपत्रं बघत होतो.

मी लॉरेनची सगळी हकिकत सांगितली. गुडघ्यासकट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, तू तिला सांग. मी नाही सांगणार. तू जाऊन सांग. आणि हळूच म्हणाली, बाबा, दोन सेकंद मला खरं वाटलं.

ते दोन सेकंद कसे होते, हे मला तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. मला लॉनवर तीन-तीन तास मिळाले. तिला दोन सेकंद, आणि तेही मी असे दिले.

यामिनीचा फोन बंद केला. बँकेला नंबर बदलून दिला. पाच मिनिटांचं काम होतं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

वर्षाच्या आत सण करत नाहीत, म्हणून गुढी नाही. दीपानं डबा पाठवला, त्यात श्रीखंड नव्हतं. तिनं लक्षात ठेवून घातलं नाही. संजय दारात म्हणाला, येतोस का आमच्याकडे, नुसता बस. मी म्हटलं, शीट संपवायची आहे.

शीट उघडली. कॉलम वाचला. हा पडला तर कोण? बंद केली.

नेत्राचा फोन नाही. मीही केला नाही. केला तर काय बोलायचं ते आधी ठरवावं लागेल, आणि ते ठरत नाही.

२२ मार्च, रविवार

इथला शेवटचा सामना. गेलो. मधेच एकदा फ्रीवेच्या रँपवर गाडी बाजूला घेतली होती. परत फिरलो नाही, एवढं नमूद करतो.

लॉरेननं जागा धरली होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. यामिनी सप्टेंबरमध्ये वारली. कॅन्सर होता. सात आठवडे. तुला मी खोटं सांगितलं. वाक्य बरोबर आलं, काळही बरोबर होते.

लॉरेन मैदानाकडे बघत राहिली. एक अख्खी इनिंग. मग म्हणाली, मी रोज तिच्यासाठी जागा धरत होते, रवी. रागावली होती. रागवायला हवंच. मी चटई गुंडाळायला लागलो, तर म्हणाली, कुठे चाललास? आणि उठून गेली. मला वाटलं ती निघाली. ती दोन लेमोनेड घेऊन आली.

सातव्या इनिंगला मरॅस्को आला. धावताना तो लंगडत होता, आउट झाला. लोक टाळ्या वाजवत होते, लॉरेन उभी राहून वाजवत होती. मीही उभा राहिलो. शेजारच्या पोरांनी सह्या मागितल्या तर तो कुंपणाशी पाच मिनिटं वाकून उभा होता, त्या गुडघ्यांवर. परत जाताना त्यानं एका नवख्या पिचरच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याशी बोलत बोलत गेला. त्याच्या नावापुढे शीटमध्ये हा कॉलम नाही.

२४ मार्च, मंगळवार

यादी कागदावर हातानं लिहिली. यामिनी हातानं लिहायची. पंचवीस नावं शीटप्रमाणे. सव्विसाव्या जागी हिशेबानं एक तेवीस वर्षांचा पोरगा येतो, तो टीममध्ये असणार हे निश्चित.

मरॅस्को लिहिलं. पाकीट बंद केलं.

कारण: लंगडत असला तरी अनुभव. सगळ्या गोष्टी आकड्यांत येत नाहीत. एकतीस वर्षं मी याच्या उलट बोललो, पण ते चिप्सबद्दल होतं.

२६ मार्च, गुरुवार. सीझनचा पहिला दिवस

सकाळी टीम जाहीर. मरॅस्कोला या वर्षी खाली पाठवलं नाही. सोडूनच दिलं. मे महिन्यात बोलवायला तो आता कुठेच नाही.

अकराला नेत्राचा फोन. आपणहून. पाकीट फोडल्याचा आवाज तिला ऐकवला. नावं वाचली. पंचवीस बरोबर, एक चूक. या घरात पंचवीस कोणाचे आले नव्हते. ती म्हणाली, कोण चुकला? मी म्हटलं, मरॅस्को.

ती म्हणाली, तू त्याला ठेवलंस? मी म्हटलं, नजरचुकीनं. ती म्हणाली, हं.

मग मी म्हटलं, आता तुझं पाकीट. ती म्हणाली, बाबा, मी यादी केलीच नाही. मी तुला फेब्रुवारीत सांगितलं होतं. मी मागची पानं चाळली. सांगितलं होतं. नीट, मराठीत आणि इंग्रजीत.

मी म्हटलं, मग तुझे शून्य. नियमाप्रमाणे सव्वीस पुरणपोळ्या तू करायच्या. ती हसली. खरंच हसली, आईसारखं, नाकातून. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, मला येत नाहीत. आईनं कधी शिकवल्याच नाहीत. दर वर्षी तीच हरायची ना.

मला येतात का, असं तिनं विचारलं नाही.

मी म्हटलं, वह्यांत बघतो, लिहून ठेवलं असेल. फोन चालू ठेवून अकराही वह्या पाहिल्या. चेंडू आहेत, ऊन आहे, अंपायर आहे, लॉरेनचा केक आहे. पुरण कुठेच नाही. कोपऱ्यात ‘रवी: मीटिंग’ दिसलं, ते मी नेत्राला वाचून दाखवलं. अकराही. ती म्हणाली, आय नो, बाबा. ते लिहायची तेव्हा मी शेजारीच बसलेली असायची.

अकरा वर्षं दर चेंडू लिहिणाऱ्या बाईला मार्चमध्ये मरॅस्को टिकत नाही हे कळत नव्हतं, असं मला आता वाटत नाही.

२८ मार्च, शनिवार. दुपारी १

इंडियन ग्रोसरीतून फ्रोझन पुरणपोळी आणली. पाकिटात पाच असतात. सव्विसांसाठी सहा पाकिटं घ्यावी लागली असती. एकच घेतलं. फ्रीझरमध्ये लॉरेनचा केक होता, तो बाजूला सरकवला.

एक पोळी तव्यावर गरम केली, तूप घातलं. खाल्ली. कडा कोरड्या, जायफळ नाही. यामिनीच्या पोळ्यांत जायफळ होतं हे मला माहीत आहे. किती, ते माहीत नाही.

नेत्रा म्हणाली, मे महिन्यात येते, दोघं मिळून करून बघू. जमणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. मी हो म्हटलं.

यामिनीच्या जागी दुसरं कोणी नव्हतं. मीही नाही. हे मला फेब्रुवारीतच दिसायला हवं होतं, हा माझाच विषय आहे.

उरलेल्या चार पोळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या.